चोखंदळ मांजर आणि दुकानी छापाचें अन्न

मांजर पाळणाऱ्या घरांत एक प्रकार वारंवार पाहावयास मिळतो. घरधनी काटकसरीचा विचार करून स्वस्त अन्नाचा डबा आणतो. मांजर बशीजवळ येतें, एकदां हुंगतें, आणि जणूं काय तें अन्न मातीआड करावयाचें आहे अशा आविर्भावानें बशीभोंवतालची फरशी पंजानें उकरून निघून जातें. त्यावर घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "स्वस्त माल तो स्वस्तच; मुक्या जनावरालाही त्याची पारख आहे." दुसरा म्हणतो, "लाडावलें आहे. दोन दिवस उपाशी ठेवा, म्हणजे मुकाट्यानें खाईल." यांपैकीं पहिलें मत घराच्या मिळकतीला जड जातें, आणि दुसरें प्रसंगीं मांजराच्या जिवावर बेततें. वस्तुतः अन्नाची किंमत, अन्नाचा कस आणि अन्नाची रुचि या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली कीं निवड चुकते. त्या वेगळ्या करून पाहिल्या, तर बेताच्या खर्चांतही मांजराचें पोषण उत्तम होऊं शकतें.

अमेरिकेंत व युरोपांत मोठमोठ्या दुकानसंस्था अनेक जिन्नस स्वतःच्या छापानें विकतात. वॉलमार्टचें "स्पेशल किटी", कॉस्टकोचें "कर्कलंड" आणि लिडलचें "कोशिदा" हीं मांजरांच्या अन्नाचीं अशींच दुकानी नांवें होत. दुकान हें अन्न बहुधा स्वतः तयार करीत नाहीं. एखाद्या कारखान्याला ठेका देऊन तें करवून घेतें व त्यावर आपला छाप लावतें. जाहिरातीचा अवाढव्य खर्च वांचतो, दलालांची सांखळी आखूड होते आणि माल एकरकमी मोठ्या प्रमाणावर उचलला जातो. म्हणून तो स्वस्त पडतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हीं नांवें परिचयाचीं आहेत. मुंबई-पुण्याच्या घरांतूनही आतां मांजरासाठीं तयार अन्नाच्या पिशव्या येऊं लागल्या आहेत, आणि भारी नांवाची पिशवी घ्यावी कीं साधी घ्यावी, हा प्रश्न इकडेही पडतो. छाप निराळे असले तरी निवडीचे नियम दोन्हीकडे सारखेच.

दुकानी छापाचें अन्न म्हणजे हलक्या कारखान्यांतील हलका माल, ही समजूत किती फोल आहे, हें २००७ सालीं उघडकीस आलें. त्या वर्षीं १६ मार्च रोजीं कॅनडांतील मेन्यू फूड्स या कंपनीनें रस्सेदार तुकड्यांच्या अन्नाचे सुमारें सहा कोटि डबे व पुड्या बाजारांतून परत मागविल्या. त्यांवरील नांवें वाचून लोक चकित झाले. त्यांत "स्पेशल किटी" होतें, आणि "आयम्स" व "यूकेन्यूबा" यांसारखीं महाग व प्रतिष्ठित नांवेंही होतीं. गरिबाच्या मांजराचें अन्न आणि श्रीमंताच्या मांजराचें अन्न एकाच कंपनीच्या भट्टींतून निघत होतें!

त्या अन्नांत घातलेलें गव्हाचें ग्लूटेन, म्हणजे गव्हांतील चिकट प्रथिन, चीनमधून आलेलें होतें व त्यांत मेलामाईन नांवाचें रसायन मिसळलेलें होतें. या लबाडीचें कारण समजून घेण्यासारखें आहे. अन्नांतील प्रथिनांचें प्रमाण काढतांना प्रयोगशाळेंत सामान्यतः त्यांतील नत्राचें प्रमाण मोजतात व त्याला ६·२५ नें गुणतात. मेलामाईनमध्यें नत्र भरपूर असतें. त्यामुळें तें मिसळलें कीं निकृष्ट माल कागदावर सकस दिसूं लागतो. मेलामाईन आणि सायन्यूरिक आम्ल हीं एकत्र आलीं म्हणजे मूत्रपिंडांत त्यांचे खडे बनतात. त्या वर्षीं कित्येक मांजरें व कुत्रीं यामुळेंच दगावलीं.

या दुर्घटनेपासून मिळणारा बोध दुहेरी आहे. भारी किंमत हें संरक्षण नव्हे, हा एक. आणि वेष्टनावर छापलेला प्रथिनांचा आंकडा म्हणजे अन्नाची सर्व परीक्षा नव्हे, हा दुसरा. मात्र कारखाना एक म्हणून कृतीही एकच, असेंही समजूं नये. एकाच आचाऱ्यानें दोन घरच्या पंक्ती रांधल्या, तरी दोन्हीकडचीं पक्वान्नें सारखीं असतात असें थोडेंच आहे? म्हणून नांवाच्या मोहांत न पडतां प्रत्येक अन्न त्याच्या गुणांवर पारखावें; आणि अन्न संपेपर्यंत वेष्टनावरील गट-क्रमांक व तारीख जपून ठेवावी, म्हणजे माल परत मागविला गेल्यास आपली पिशवी त्यांत आहे कीं नाहीं, हें तत्काळ कळतें.

अन्न पारखावयाचें तर मांजराची प्रकृति जाणली पाहिजे. मांजर हा केवळ मांस आवडणारा नव्हे, तर मांसावांचून ज्याचें चालत नाहीं असा प्राणी आहे. गाजरांतील पिवळ्या द्रव्यापासून मनुष्याचें शरीर "अ" जीवनसत्त्व बनवितें. मांजराच्या शरीराला तें साधत नाहीं. टॉरीन नांवाचें द्रव्यही त्याला पुरेसें बनवितां येत नाहीं. तें मांस-मासळींतून किंवा अन्नांत मुद्दाम मिसळूनच मिळावें लागतें. टॉरीनच्या अभावीं मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजतो, असें १९७५ सालीं दाखविण्यांत आलें. पुढें १९८७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें सिद्ध केलें कीं, हृदयाचा स्नायु ढिला पडून मांजरें मरतात त्या रोगाचें एक मोठें कारण टॉरीनची उणीवच आहे, आणि टॉरीन दिल्यास रोग हटतो. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तीं मांजरें कांहीं उकिरड्यावर जगणारीं नव्हतीं. बाजारांतील तयार अन्नावर पोसलेलीं होतीं. या शोधानंतर कारखानदारांनीं टॉरीनचें प्रमाण वाढविलें व तो रोग पुष्कळ कमी झाला.

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांतलें मांजर दूधभातावर व दूधपोळीवर वाढतें, अशी आपली समजूत होती. खरें पाहतां त्याचें अर्धें जेवण माळ्यावर व कणगीआड चाललेलें असे. उंदीर, पालीं व पांखरें यांनीं दूधभाताची उणीव भरून निघे. चौथ्या मजल्यावरील बंद घरांत राहणाऱ्या मांजराला ही जोड नाहीं. त्याच्या बशींत जें पडेल तेंच त्याचें सर्वस्व. तेव्हां त्याला नुसत्या दूधभातावर ठेवणें किंवा स्वस्त मिळतें म्हणून कुत्र्याचें अन्न घालणें म्हणजे त्याची हळूहळू उपासमार करण्यासारखेंच आहे. कित्येक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाहीं.

आतां वेष्टनाचा विचार. अमेरिकेंत पशुखाद्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची एक संघटना १९०९ सालापासून आहे. ती स्वतः कोणत्याही अन्नाला मान्यतेचा शिक्का देत नाहीं. मात्र अन्नांत काय असावें व वेष्टनावर काय लिहावें, यांचे आदर्श नियम ती ठरविते, आणि बहुतेक राज्यें ते स्वीकारतात. त्या नियमांप्रमाणें वेष्टनावर बारीक अक्षरांत एक वाक्य असतें. अन्न "संपूर्ण व समतोल" आहे कीं नाहीं, आणि असल्यास तें वाढत्या पिलांसाठीं, प्रौढ मांजरांसाठीं कीं सर्व वयांसाठीं, हें त्या वाक्यांत सांगितलेलें असतें. तें अन्न केवळ घटकांचा हिशेब जमवून बनविलें आहे, कीं मांजरांना प्रत्यक्ष खावयास घालून त्याची परीक्षा झाली आहे, हेंही तेथेंच कळतें. प्रौढ मांजरांच्या बाबतींत ही परीक्षा २६ आठवडे चालते. उलट, "अधूनमधून किंवा पूरक म्हणून द्यावें" असें लिहिलेलें असल्यास तें अन्न कितीही महाग असो, रोजच्या जेवणाचें नव्हे. आपल्याकडील पिशवीवरही अशा अर्थाचें वाक्य प्रथम शोधावें. तें नसेल तर किंमतीची चौकशी करण्याचें कारणच उरत नाहीं.

नांवांतही खुबी असते. त्याच अमेरिकन नियमांप्रमाणें डब्यावर नुसतें "मांजरांसाठीं कोंबडी" असें लिहावयाचें असेल, तर कृतींत घातलेलें पाणी वगळून ९५ टक्के कोंबडी असावी लागते. "कोंबडीचें जेवण" अशा अर्थाच्या नांवाला २५ टक्के पुरतात. "कोंबडीसह" म्हणावयाला ३ टक्के पुरे; आणि "कोंबडीच्या स्वादाचें" म्हणावयाला नुसता स्वाद ओळखूं आला म्हणजे झालें! युरोपांत "सह" या शब्दासाठीं ४ टक्क्यांची अट आहे. म्हणजे पिशवीवर कोंबडीचें चित्र भलें मोठें असलें, तरी आंतील मांस दुसऱ्याच कशाचें तरी असूं शकतें. यांत फसवणूक आहेच असें नाहीं. परंतु ज्या मांजराला मासळी सोसत नाहीं किंवा कोंबडीच हवी असते, त्याच्या धन्यानें एवढा शब्दभेद जाणून असावें.

प्रथिनांच्या आंकड्याची तुलना करतांना बहुतेक लोक फसतात, तें पाण्यामुळें. समजा, डब्यांतील ओल्या अन्नावर प्रथिनें १० टक्के व पाणी ७८ टक्के असें लिहिलें आहे. आणि पिशवींतील कोरड्या दाण्यांवर प्रथिनें ३२ टक्के व पाणी १० टक्के. वरवर पाहतां दाणे तिपटीनें सकस वाटतात. पण पाणी वजा केल्यास ओल्या अन्नांत २२ भाग शुष्कांश उरतो व त्यांत १० भाग प्रथिनें, म्हणजे सुमारें ४५ टक्के. दाण्यांत ९० भागांत ३२, म्हणजे सुमारें ३६ टक्के. प्रौढ मांजराच्या अन्नांतील शुष्कांशांत निदान २६ टक्के प्रथिनें असावींत, असा अमेरिकन नियम आहे. म्हणजे दोन्ही अन्नें कसोटीला उतरलीं. पण सरस ठरलें तें ओलें. त्याचा आणखी एक गुण असा कीं, मांजराचे पूर्वज रुक्ष प्रदेशांत राहणारे रानमांजर असल्यामुळें त्याला तहान कमी लागते. ओल्या अन्नाबरोबर त्याच्या पोटांत पाणी आपोआप जातें. मात्र तें महाग असतें. मध्यम मार्ग म्हणून पुष्कळ लोक दिवसाचें मुख्य अन्न दाण्यांचें ठेवून एक वेळ थोडें ओलें घालतात, व तो मार्ग वाईट नाहीं.

कसाची परीक्षा झाली. पण बशीसमोर निर्णय देणारा न्यायाधीश निराळाच आहे. मांजराला गोडाची चव कळत नाहीं. फिलाडेल्फियांतील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं दाखवून दिलें कीं, गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकाचा एक भाग बनविणारा जीन मांजराच्या ठिकाणीं निकामी झालेला आहे. मनुष्याच्या जिभेवर रुचिकलिका हजारोंनीं असतात, मांजराच्या जिभेवर कांहीं शेंच. ही उणीव तें नाकानें भरून काढतें. मांजर अन्न चाखून नव्हे, तर हुंगून पसंत करतें. म्हणूनच कोरड्या दाण्यांवर कारखान्यांत यकृताचा पाचित अर्क व पायरोफॉस्फेटसारखीं द्रव्यें फवारतात. स्वस्त व महाग दाण्यांतील जो फरक मांजराला जाणवतो, तो पुष्कळदां या बाहेरच्या लेपाचा असतो, आंतील कसाचा नव्हे. तेव्हां मांजरानें तोंड फिरविलें म्हणून अन्न निकृष्ट, आणि आवडीनें खाल्लें म्हणून उत्कृष्ट, हीं दोन्ही अनुमानें चुकीचीं ठरतात.

वासाच्या जोडीला स्पर्श आणि संवय. कोणाला बारीक वाटलेला लगदा रुचतो, कोणाला रश्श्यांतील तुकडे, तर कोणी नुसता रस्सा चाटून तुकडे तसेच ठेवतें. दाण्यांच्या आकारावरूनही पसंती ठरते. लहानपणीं ज्या तऱ्हेचें अन्न पिलाला मिळालें, तेंच मोठेपणीं त्याला ओळखीचें वाटतें, आणि अगदीं अनोळखी पदार्थ तें संशयानें नाकारतें. म्हणून पिलाला आरंभापासून दोन-तीन तऱ्हांच्या अन्नाची संवय लावणें ही पुढील काटकसरीची पहिली पायरी आहे. मोठ्या मांजरासाठीं स्वस्त अन्न निवडतांना छाप बदलावा, पण तऱ्हा बदलूं नये. लगदा खाणाऱ्याला लगदाच द्यावा, मासळी खाणाऱ्याला मासळीच.

किंमतीचा हिशेब पिशवीच्या वजनावर करूं नये. तो उष्मांकांवर, म्हणजे वेष्टनावर किलोकॅलरी म्हणून दिलेल्या आंकड्यावर करावा. घरांत राहणाऱ्या चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला सुमारें २०० ते २५० उष्मांक लागतात. समजा, एक अन्न ४०० रुपये किलो असून किलोला ३५०० उष्मांक देतें, आणि दुसरें ५६० रुपये किलो असून ४००० देतें. २०० उष्मांकांसाठीं पहिल्याचे सुमारें ५७ ग्रॅम लागतील व खर्च २३ रुपये येईल; दुसऱ्याचे ५० ग्रॅम लागतील व खर्च २८ रुपये येईल. किलोमागें १६० रुपयांचा दिसणारा फरक प्रत्यक्षांत दिवसाला पांच रुपयांवर आला. आतां पहिल्या अन्नाचा चौथा हिस्सा मांजर रोज बशींत टाकून देत असेल, तर तितकेंच पोषण होण्यासाठीं ७६ ग्रॅम वाढावे लागतील व खर्च ३० रुपयांवर जाईल. म्हणजे स्वस्त अन्न महाग पडलें! उलट, तेंच पहिलें अन्न मांजर चाटूनपुसून खात असेल, तर नामवंत पिशवीसाठीं जादा पैसे मोजण्यांत अर्थ नाहीं. चोखंदळ मांजराच्या घरीं खरी किंमत ठरते ती पोटांत गेलेल्या अन्नाची.

याच कारणास्तव नवें अन्न प्रथम लहानांत लहान पुडींत आणावें. तें एकदम घालूं नये. पहिले दोन-तीन दिवस जुन्या अन्नांत चौथा हिस्सा नवें, मग अर्धें-अर्धें, मग पाऊण हिस्सा नवें, असें करीत सात ते दहा दिवसांत बदल पुरा करावा. मांजर फारच हट्टी असेल तर याहूनही अधिक दिवस घ्यावेत. शीतकपाटांतील डबा तसाच पुढें ठेवूं नये. अन्न कोमट, अंगाच्या उष्णतेइतकें केलें म्हणजे वास सुटतो, आणि काल नाकारलेलें अन्न मांजर आज खातें. बशी पसरट व स्वच्छ असावी, आणि ती मलमूत्राच्या पेटीपासून दूर ठेवावी. दिवसभर दाणे पुढें पडून राहण्यापेक्षां ठराविक वेळीं थोडें थोडें वाढल्यास भूक लागते. वरून उकडलेल्या बिनहाडाच्या कोंबडीचा चुरा किंवा तिचें मीठ न घातलेलें पाणी घालण्यास हरकत नाहीं. पण असली जोड दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊं देऊं नये. आपल्या ताटांतील कालवण मात्र घालूं नये. कांदा व लसूण मांजराला विषासमान आहेत.

राहिला तो उपाशी ठेवण्याचा उपाय. कुत्र्याला एखादा उपास सोसतो; मांजराचें तसें नाहीं. कांहीं दिवस अन्न पोटांत गेलें नाहीं, तर त्याच्या शरीरांतील चरबी यकृतांत येऊन साचते व यकृत काम करीनासें होतें. लठ्ठ मांजरांना हा धोका विशेष असतो, आणि वेळीं उपचार न झाल्यास तो प्राणघातक ठरतो. म्हणून "भूक लागली म्हणजे खाईल" ही म्हण मांजराच्या बाबतींत विसरावी. नव्या अन्नाला त्यानें एक दिवस तोंड लावलें नाहीं, तर जुनें अन्न पुन्हां पुढें करावें व बदल अधिक सावकाश करावा. जुन्या आवडत्या अन्नाकडेही तें पाठ फिरवूं लागलें, तर तो हट्ट नव्हे. दांत, मूत्रपिंड किंवा दुसरें कांहीं दुखणें असण्याचा संभव आहे, आणि अशा वेळीं नवा डबा आणण्याऐवजीं पशुवैद्याकडे जावें.

दुकानी छापाच्या अन्नाचा एक दोषही सांगितला पाहिजे. ठेकेदार बदलला किंवा कच्च्या मालाचे भाव चढले कीं त्याची कृति बदलूं शकते. छाप तोच राहतो, पण मांजराच्या नाकाला फरक तेव्हांच कळतो. म्हणून स्वस्ताईच्या लोभानें सहा महिन्यांचा सांठा करूं नये. दाणे उघडून ठेवले म्हणजे त्यांतील चरबीही खवट होते. महिनाभर पुरेल एवढेंच आणावें, मूळ पिशवींतच तोंड घट्ट बांधून कोरड्या जागीं ठेवावें, आणि मांजराला रुचणारें दुसरें एक अन्न माहीत करून ठेवावें.

अन्नाचा खर्च झेपेना म्हणून मांजर दुसऱ्याला देऊन टाकण्याची, क्वचित् रस्त्यावर सोडण्याची पाळी कित्येक घरांवर येते. अशा घरांना साध्या छापाचें अन्न हा कमीपणा वाटण्याचें कांहीं कारण नाहीं. वेष्टनावर संपूर्ण व समतोल अन्नाचें वाक्य आहे, शुष्कांशांत प्रथिनें पुरेशीं आहेत, मांजर तें संपवितें, त्याचें वजन टिकून आहे, अंगावरील केंस तुळतुळीत आहेत आणि शौचास साफ होतें, एवढ्या गोष्टी जुळल्या, तर पिशवीवर कोणाचें नांव आहे, हें पाहण्याची गरज उरत नाहीं.